सोयाबीनच्या गंजीवरचं शीड

रुद्रादादास, ताडकळसहून,

फोनवर बोलताना बापू शेजारीच असतात, म्हणून लिहायलेय.

तू शेती सोडून मालवणला शिडं शिवायला गेलास, तेव्हापासून बापूंनी तुझं नाव टाकलं होतं. गंजी झाकायला तू होडीचं जुनं शीड धाडलंस, तेही त्यांनी नुसतं चोळून बघितलं. "कापूसच की आपला. लय घट्ट इणलाय."

काल सोयाबीनच्या गंजीवर आम्ही ते ताडपत्रीसारखं टाकलं. एक बाजू बांधायची राहिली अन् वारं सुटलं. शीड फुगलं आणि दोरी धरलेल्या बापूंना पार बांधापर्यंत ओढत नेलं. आई ओरडली, "सोडा की वो!" त्यांनी सोडली नाही. टाचा रोवून उभे, अन् लेकरासारखे हसायलेत!

मग दम खात म्हणले, "असं वारं हातात आल्यावर पोरगं कशाला माघारी यील?"

"दादाला कळवू?"

"नगं. पूर्णा टेसनावरून तिकडं कोणती गाडी जाती, तेवढं बघ."

तेव्हा हे पत्र टपालानं धाडत नाही. बापूंची पिशवी भरायलेय. तुझ्या आवडीची जवसाची चटणी त्यांनीच आठवणीनं घालायला सांगितली; तिच्याखालीच हे पत्र ठेवायलेय.

बापूंच्या नकळत,
तुझी अपेक्षा