गाईचा कान आणि माझा आकडा

३ तारीख, सोमवार
आमच्या गुरांच्या दवाखान्यात लॅक्टेट मीटर आलं, रक्तातलं लॅक्टिक ॲसिड मोजणारं. मोबाइलपेक्षा लहान! गाईच्या रक्ताचा एक थेंब, पंधरा सेकंद, की आकडा हजर. दोनच्या आत म्हणजे ठणठणीत. सहाच्या वर म्हणजे आशा सोडा. आमचा कंपाउंडर अजून जनावराचा कान चाचपून बघतो. गार लागला तर धोका, गरम तर जगेल. वीस वर्षं हेच! संकल्प: दवाखान्यात अंदाजपंचे बंद.

४ तारीख
स्वतःवर ट्रायल. तीन जिने धावत चढलो, बोट टोचलं. सात! मृत्युपत्राचा विचार सुरू. बायको म्हणाली, अहो, धावलात म्हणून वाढला असेल, बसा जरा. तासाभराने दीड. लक्षात ठेवणे: धावल्यावर आकडा वाढतो.

६ तारीख, सकाळी ९
दूधवाल्या मावशींची एकुलती एक गाय. कालपासून चाऱ्याला तोंड लावेना. मला बघून उधळली. मावशी, कंपाउंडर आणि मी, मावशींच्या आवाराला चार फेऱ्या. शेवटी भिंतीशी गाठली. आकडा अकरा. चष्मा काढून म्हणालो, मावशी, मन घट्ट करा. कंपाउंडर म्हणाला, साहेब, कान गरम आहेत, थोड्या वेळाने परत बघू या. चारचौघांत झापला त्याला. मावशी रडत म्हणाल्या, मग तिचे हाल नकोत, कायमची झोपवायची सुई द्या. उद्या सकाळी देतो म्हणालो.

७ तारीख, सकाळी ८
सुई भरून नेली. मावशी गाईच्या गळ्यात पडलेल्या. गाय निवांत रवंथ करतेय. कंपाउंडरने मीटर पुढे केलं. एक पॉइंट आठ. मशीन बिघडलंय! कंपनीला कडक पत्र लिहिणार.

दुपारी
पत्रासाठी तारखा बघायला ही वही उघडली. ४ तारीख वाचली. पत्र रद्द. लाज वाटतेय, भयंकर. सुई भरली होती मी.

९ तारीख
मावशी सगळीकडे सांगतायत, डॉक्टरांनी मरणाच्या दारातून ओढून आणली. कॅनभर दूध दिलं. मी म्हणालो, चालायचंच. चालायचंच काय, मूर्खा! संकल्प: उद्या खरं सांगायचं.

१० तारीख
सर्दी. जमलं नाही.

११ तारीख
वाक्य पाठ करून मावशींकडे गेलो. कंपाउंडर आधीच तिथे, गाईचा कान धरून. मला बघताच कान सोडून बाजूला झाला. मावशी म्हणाल्या, बघा की डॉक्टर, तुमचीच कृपा. वाक्य विसरलो. गाईचा कान धरला. गरम होता. माझे दोन्हीही.