पानांवरून हात फिरवताना

ती. आत्यास बारक्याचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला साष्टांग खरोखरच घातलाय, तोंड वर करायची सोय उरलेली नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? बाळ-बाळंतीण सुखरूप ना? बाळाचं नाक आपल्या घराण्यावर गेलंय म्हणे. अक्कल तरी जावयांकडची येवो.

बागेबद्दल शेवटी लिहिणार होतो, पण मनात दुसरं काही येतच नाही. तू गाडीत बसता बसता सांगितलंस, वांग्याच्या पानांवरून रोज हात फिरवत जा, खालच्या बाजूनेसुद्धा. आता लहानपणी मला ताप आला की तू कपाळावरून हात फिरवायचीस, तोच माझ्या डोक्यात! रोज ऑफिसला जायच्या आधी गच्चीवर जाऊन एकेक पान गोंजारलं. झोप झाली का, म्हणून चौकशीही केली. (शेजारच्या रिटायर्ड हेडबाईंनी हे पाहिलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं हिला हळूच विचारलं.) पानांखाली बारीक पिवळी अंडी दिसायची, त्यांना धक्का लागू नये म्हणून बोटं जपून न्यायचो. ती चिरडायला सांगितली होतीस हे मला काय माहीत! व्हायचं तेच झालं. अळ्या निघाल्या आणि पानांची चाळण झाली. ही म्हणाली, साबणाचं पाणी मारा. साबण संपला होता, म्हणून मी फरशी पुसायचं मारलं. अळ्या लख्ख झाल्या, झाडांनी मात्र माना टाकल्या.

उरलं एकच वांगं, तू लाल दोरा बांधून बियाण्याला राखलेलं. काकांचं वाण ते. काका गेल्यापासून दरवर्षी एक फळ राखून तू ते जगवलंस, आणि हे गेलं की वाण संपलं, एवढं मला कळत होतं गं. म्हणून डोळ्यांत तेल घालून जपलं. माझा ऑफिसचा मोजा (धुतलेला) त्याच्यावर चढवला, तोंड सुतळीने आवळलं. एक अळी आत शिरली नाही. कशी शिरेल? ती आधीच आत होती, आणि बाहेर पडू नये याचा बंदोबस्त मी केला होता. मागच्या पंधरवड्यात मोजा काढला तर वांगं निम्मं सडलेलं आणि बाईसाहेब गुटगुटीत. आत्या, मला फार लाज वाटते. काकांच्या फोटोसमोरून जातानासुद्धा मान खाली घालतो.

तुझा नालायक भाचा,
बारक्या

ता. क. रविवारी येऊ नकोस. बाळाला आजी हवी असते. चांगली महिनाभर राहा.

ता. क. आणखी एक. ते वांगं मी फेकणार होतो, पण हिने चिरून त्यातल्या धड बिया निवडल्या, धुऊन वाळवल्या आणि एका कपात लावल्या. कोंब आलेत! म्हणजे तशी काळजी नाही.

ता. क. शेवटचं. काळजी आहे. ही आत्ता सांगतेय की शेजारच्या कपात तिने मिरची लावली होती, आणि मी ऊन दाखवायला दोन्ही कप इकडचे तिकडे केले. एकात कोंब आहेत, दुसऱ्यात नुसती माती. दोन पानांवरून वांगं की मिरची, ते इथे कुणालाच सांगता येईना. तेव्हा वरचं महिनाभर राहायचं खोडून वाच. रविवारपर्यंत थांबू नकोस, उद्याच ये. आणि आल्यावर माझ्यावरूनही एकदा हात फिरव. कुठल्या अर्थाने, ते कप बघून ठरव.