चालत म्हणायचा शब्द

ती. मामांना भाच्याचा वाकून नमस्कार,

तुमचा गुडघा आणि मामींचा आवाज दोन्ही ठणठणीत असावेत. (आवाजाची फारशी काळजी नाही.) तुम्ही हॉस्पिटलात माझ्यासाठी शब्द टाकलात, त्याची लाज राखायला मी जिवाचं रान केलं. तरी काल जे झालं ते माझ्याच तोंडून कळावं, म्हणून घाईने लिहितो.

काम माइकवरून पेशंटांना विभागांची नावं पुकारायचं. त्यात कान-नाक-घशाच्या विभागाचं नाव ‘ऑटोरायनोलॅरिंगॉलॉजी’! (दात पाडायचा विभाग वेगळा आहे म्हणे.) कारखाना बंद पडल्यापासून घर हिच्या बालवाडीच्या पगारावर चाललंय, म्हणून हिनेच मनावर घेतलं. तिच्याकडची पोरं चालत चालत शिकतात, तसंच मलाही शिकवलं. शब्दाचे तुकडे पाडले. ऑटो म्हणजे कान, ती चिठ्ठी दारावर. रायनो म्हणजे नाक, ती कपाटावर. लॅरिंग, म्हणजे घसा, मोरीपाशी. आणि ऑलॉजी, म्हणजे शास्त्र, खिडकीला. एकेका उच्चाराला एकेक पाऊल. शेवटी झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणू लागलो. पण उठून चालल्यावरच, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

काल मुलाखतीला समोर डॉक्टर आणि सुपरिंटेंडेंटबाई. बाई म्हणाल्या, बसूनच म्हणा. ‘ऑटो’ म्हटलं आणि जीभ टाळ्याला चिकटली. डोळ्यांपुढे हिचा चेहरा, मग तुमचा. शेवटी माइक घेऊन उठलोच. दारापासून निघालो, बाईंच्या कपाटाशी ‘रायनो’ आलं, पण तिथे मोरी कुठून आणू? वायर ताणत बाहेरच्या नळापाशी गेलो तेव्हा ‘लॅरिंग’ सुटलं, आणि व्हरांड्याच्या खिडकीशी शब्द पुरा झाला. सगळ्या इमारतीत घुमला. बाकांवरचे पेशंट उठले आणि माझ्यामागोमाग रांगेने आत शिरले. डॉक्टरांनी चष्मा काढला, तो पुन्हा घातलाच नाही. “कळवतो,” एवढंच म्हणाले. तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाही. मामा, ही नोकरी हातची गेली तर हिला काय तोंड दाखवू? खरंच भीती वाटते.

तुमचा भाचा

ता. क. आत्ताच निरोप आला, घेतलं मला! बाई म्हणाल्या, या नावाला पेशंट जागचे उठले ते पहिल्यांदाच. मात्र सोमवारपर्यंत पोटाच्या विभागाचं ‘गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’ पाठ हवं.

आणखी एक. आमच्या दोन खोल्या कान-नाक-घशातच संपल्या. तेव्हा पोटाचा विभाग तुमच्याकडे मांडावा म्हणतो. शनिवारी दोघं येतोय. मामींना सांगा, सामान हलवू नका. आणि तुमची आरामखुर्ची जठराला लागेल, तेवढी रिकामी ठेवा.