इंग्रजीतला आग्रह

युसूफ वडगाव, ता. केज
सोमवार, रात्री दुकान बंद केल्यावर

आदरणीय सुंदरराव दाजींस,

वैजिनाथचा वाकून शरणार्थ. ताईलाही सांगावा. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? मालिश चालू आहे का, का दोन दिवस करून बाटली कोनाड्यात? आष्टीकडं यंदा पाऊस बरा झाला म्हणतात, तुरी चांगल्याच फुटल्या असतील. आमच्याकडं समदे खुशाल. खरं तर हे फोनवरच सांगितलं असतं, पण आमच्या वीरेशनं पुण्यात तमिळ पोरगी पसंत केली हे कानावर आल्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही अन् ताईलाही उचलू देत नाही. म्हणून कागद. कागद मधीच कट करता येत न्हाई (फाडता येतो, पण तुमचा तो स्वभाव नाही).

तर दाजी, मला इंग्रजी यायला लागलंय! हसू नका. पाईप अन् नळाच्या तोट्या विकणारा माणूस हाय म्हणून काय झालं! झालं असं, की पोरीचे आई-वडील आपलं घर बघायला येणार असं ठरलं. पोरीचं नाव मलर. वडील मुरुगेसन, सेलम गावात मोटारपंपांचं दुकान. मलरनं वीरेशला साफ सांगितलेलं, की अप्पांना घर अन् माणसं पटली तर लग्न, न्हाई तर नाव काढायचं न्हाई. पोराचा जीव टांगणीला. त्यात वीरेश-मलर दोघांनाही रजा मिळेना. पाहुण्यांना मराठी येत नाही, हिंदी येत नाही, आम्हाला तमिळ येत नाही. मधी उरलं इंग्रजी. मग मी काय केलं, केजला शिवकन्या मॅडमच्या क्लासला जाऊन बसलो. पहिल्या बाकावर! मागची समदी माझ्या निम्म्या वयाची.

मॅडमनी पहिल्याच आठवड्यात एक वाक्य शिकवलं अन् माझं डोकं असं लख्ख झालं, की मी पुढं शिकायला गेलोच नाही. आधी 'इट इज' म्हणायचं, मग सोपं, अवघड, चांगलं, धोक्याचं यातलं जे लागू असेल ते, मग 'टू' अन् शेवटी काय करायचं ते. झालं! इट इज ईझी टू कम. यायला सोपं आहे. मी विचारलं, मॅडम, हे 'इट' म्हणजे नेमकं कोण? तर कोणीच नाही. एस.टी.च्या खिडकीतून आपण रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं. बसलेलं कुणी नाही, पण जागा धरलेली. वा रे वा! मी, तू, तो, ती कशाची भानगडच न्हाई. घरी येऊन मी जेवताना, उठताना, दुकानात तोट्या मोजताना हेच बोलायला लागलो. इट इज डिफिकल्ट टू चढणं असं जिन्यावर एकदा झालं, पण ते सुरुवातीला. वीरेशची आई दानम्मा म्हणाली, "तुमचं ते इट मेलं दिसना न् काई न्हाई, कावून त्याच्या जिवावर उड्या मारायलात?"

पाहुणे आले. स्वतःच्या गाडीनं, इतक्या लांबून, स्वतः चालवत. मी हात जोडून म्हणालो, इट इज नाइस टू सी. मुरुगेसनरावांचा चेहरा असा खुलला! मला तर वाटलं हळद इथंच लावून टाकावी. मग घर दाखवायला निघालो. गच्चीचा कठडा आपला बुटका, तुम्हाला माहीतच आहे, म्हणून काळजीनं म्हणालो, इट इज ईझी टू फॉल. ते जरा मागं सरले. परसातली विहीर दाखवली, पायऱ्या निसरड्या आहेत हे सांगायचं होतं, तर म्हणालो, इट इज ईझी टू गो डाऊन, इट इज डिफिकल्ट टू कम. त्यांनी विहिरीत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, इंग्रजी आवडलं.

जेवणाला पुरणपोळी, कटाची आमटी, तूप. ते ताटावर हात आडवा धरायचे, अन् आपल्याकडं हात आडवा धरला की वाढायचं असतं, म्हणून मी वाढायचो. इट इज नेसेसरी टू ईट. मलरची आई घाम पुसत जेवली. उठल्या उठल्या त्यांनी घड्याळ दाखवलं, निघतो म्हणाले. आता तुम्हीच सांगा दाजी, एवढ्या लांबचा पाहुणा जेवून लगेच निघाला तर गावात तोंड दाखवायला जागा राहील का? आपली रीत ती रीत. सोयरा निघाला की त्याची पिशवी लपवायची. यांची पिशवी गाडीत कुलूपबंद, म्हणून मी टेबलावरची गाडीची चावी उचलली अन् ज्वारीच्या कणगीत टाकली. अन् दारात आडवा उभा राहून, हसत हसत, अगदी प्रेमानं म्हणालो, इट इज इम्पॉसिबल टू गो. ते काहीतरी बोलले. मी आणखी प्रेमानं म्हणालो, इट इज डेंजरस टू गो (रस्त्याला खड्डे आहेत म्हणून).

मलरची आई रडायला लागली. मुरुगेसनराव भिंतीला पाठ लावून फोनवर कुजबुजायला लागले. मला वाटलं घर पसंत पडल्याचं पोरीला सांगायलेत! अन् तेवढ्यात माझा फोन. वीरेश. एवढा मोठ्यानं तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. "बाबा, पाहुण्यांना कोंडून ठेवलंय का तुम्ही? विहिरीत टाकायची धमकी दिली म्हणं!"

दाजी, खांबाला धरून बसलो. पोराचा संसार मांडायच्या आधीच मी मोडला, आता ह्याला तोंड कसं दाखवू, असं झालं. दानम्मानं मात्र सरळ कणगीत खांद्यापर्यंत हात घातला, चावी काढली, पदरानं पुसली, मलरच्या आईला हळदकुंकू लावलं, ओटी भरली अन् ओटीतच चावी ठेवली. तिकडून मलरनंही फोनवर अप्पांना समजावलं, की मराठवाड्यात ज्याच्यावर जीव आहे त्यालाच असं अडवतात. मुरुगेसनरावांनी फोन खाली ठेवला. मग जे हसायला लागले! पोट धरून. खुर्ची ओढली, बसले अन् माझ्याकडं बघून माझ्याच साच्यात म्हणाले, इट इज गुड टू स्टे. मला एवढं रडू आलं की विचारू नका.

मुक्कामाला राहिले. सकाळी निघताना माझ्या नव्या वहाणा पायात घालून गेले अन् त्यांच्या चपला मला ठेवून गेले. सेलमला येऊन घेऊन जा, असा अर्थ. लग्न ठरलं, दाजी! वीरेश फोनवर लहान पोरासारखा नाचत होता.

घरातल्या मोठ्यांना दंडवत, लहानांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
वैजिनाथ

ता.क. साखरपुड्याला सेलमला जायचंय. दानम्मानं बजावलंय, की तिथं मी फक्त हसायचं.

ता.क. दुसरा. वर समदी मजा लिहिली, पण खरी गोष्ट अजून लिहिलीच न्हाई. 'इट इज नेसेसरी टू कम' असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. त्यात बोलावणारा कुणीच दिसत नाही. दाजी, मी बोलावतोय. परक्या माणसासाठी परकी भाषा शिकलो, अन् तुमच्याशी आपल्या भाषेत दोन शब्द बोलायचं धाडस होईना. वीरेशला पहिल्यांदा खांद्यावर घेऊन गावभर तुम्ही फिरवलंय. त्याच्या हळदीला तुम्ही अन् ताई नसलात, तर मला ते लग्न गोड लागायचं न्हाई.

ता.क. तिसरा. पाकिटाला तिकीट नाही हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. पोस्टाचा भरवसा धरवला नाही, म्हणून पहाटेच्या गाडीनं मीच आलो. ताईच्या हाती कागद दिलाय अन् तुमच्या ओट्यावर बसलोय. चहापाणी काही नको. वाचून झालं असेल तर नुसतं "ये बे आत" म्हणा.