बोगद्यातला कापूर

जाम, १२ मार्च २००३

संध्याकाळपासून तो कापूर डोक्यातून जात नाही. हे आज मुंबईहून ट्रक घेऊन आले. जुन्या घाटात देवीच्या देवळाशी थांबून कापूर लावायचे. नव्या रस्त्यावर ते देऊळच लागत नाही, तर म्हणे आता त्या लांब बोगद्यातच ट्रक थांबवून केबिनमध्ये लावतात! मागून भरधाव गाड्या, अन् हे हात जोडून!

मी म्हटलं, "अहो, तिथं थांबू देत नाई ना?"

"काऊन भेऊन राह्यली वं? धूर ओढायले मोठाले पंखे हायेत, भिंतीत फोन हाये. अन् देवी कोपली तं?"

पहाटे पुन्हा निघतील. पिशवी भरताना मी कापराची डबी लपवली. मग मलाच भीती वाटली. परत ठेवली.