भावाची वाट पाहणारं गाणं

नवनगर, शुक्रवार, नागपंचमीची संध्याकाळ

उद्याचा लेख अर्धाच पडलाय. शेजारच्या कुसुमक्काचं गाणं डोक्यातून जात नाही.

दरवर्षी आमच्या झोक्याजवळ तीच गाते. गाणंही ठरलेलं: सासुरवाशीण दारात उभी आहे आणि भाऊ पंचमीला न्यायला येतोय. तिच्या भावानं, वसंतअण्णानं, घराच्या वाटणीवरून भांडण झाल्यापासून तिला माहेरी नेलेलं नाही. आज त्याला जुन्या हुबळीहून मीच बोलावलं, तिला न सांगता. गाणं ऐकून विरघळेल, असं वाटलं. भलतीच आशा.

तो मान खाली घालून ऐकत राहिला. संपल्यावर चपला घालत म्हणाला, "आवाज छान टिकवलाय हं तिनं." मला म्हणाला. तिला एक शब्द नाही. ती खाली घातलेली मान... लाज होती की नुसता कंटाळा?

"अक्का, आणखी एक!" बायका ओरडत होत्या. "बास गं, घसा आहे का भोंगा?" म्हणून तिनं सगळ्यांना हसवलं.

जाताना मात्र माझ्या कानाशी आली. "अण्णाला लाडू दिलास ना?"

"दिला," म्हटलं. त्यानं घेतला नव्हता.

"मग पुढच्या वर्षीही बोलाव. मी गाईन."