मनःस्थिती : सामान्य

२ फेब्रुवारी, सोमवार
१. सव्वाअकराला वेदना-उपचार केंद्रात गेले. मान चौदा महिने दुखते आहे.
२. डॉक्टरांनी स्कॅन पाहिले. नवीन बिघाड नाही.
३. म्हणाले, आठ आठवड्यांच्या उपचारवर्गात जागा देतो, पण आधी समुपदेशकाला भेटा. दुखणं खरंच आहे. मन त्याचा आवाज वाढवतं का, एवढंच पाहू.
४. मी फाइल उचलून बाहेर आले. दार आपटलं. दाराची स्प्रिंग ढिली आहे.
५. हातात फेब्रुवारीभराचा एक तक्ता आहे. दुखणं शून्य ते दहा, शेजारी मनःस्थिती. रोज भरायचा, २४ला दाखवायचा.

मी वजनकाटे तपासणारी इंजिनिअर आहे. दोन्ही रकान्यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे आकड्यांनीच सिद्ध करीन. समुपदेशक वगळून जागा मिळेल.

४ फेब्रुवारी
दुखणं ४. कारण खुर्ची. पाठ १०४ अंशांवर आणली. आई म्हणाली, त्या खुर्चीला मन असतं तर एव्हाना तीच समुपदेशकाकडे गेली असती.

६ फेब्रुवारी
दुखणं ४. मनःस्थिती रोज 'सामान्य'. जे बदलतच नाही ते रोज कशाला मोजायचं? २८ तारखेपर्यंतचा रकाना आजच भरून टाकला. एकूण अकरा मिनिटं वाचली.

८ फेब्रुवारी, रविवार
धाकट्या बहिणीकडे बाळाला पाहायला जायचं होतं. सकाळी दुखणं ७. फोन करून रद्द केलं. ती म्हणाली, ताई, तो बसायला लागलाय, तू येईपर्यंत शाळेत जाईल. फोन ठेवल्यावर वीस मिनिटांत दुखणं ३. कारण उशी. उशी बदललेली नाही. नोंद अपवाद म्हणून वगळली.

१२ फेब्रुवारी
मीटिंगमध्ये साहेबांनी माझं दशांशचिन्ह सुधारलं. दुखणं ८. कारण एसी. एसी बंद होता. गारवा आधीचा असावा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
लॅबमधल्या काकांनी संध्याकाळी पाच वाजताची नोंद तीन वाजताच लिहून ठेवली होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, न मोजलेला आकडा म्हणजे खोटा आकडा. काका निवृत्तीला आलेत. हळूच म्हणाले, बायकोला चारला दवाखान्यात न्यायचं होतं, सॉरी मॅडम. मी साहेबांना ईमेलही केला. नियम म्हणजे नियम.
दुखणं ९. चहाचा कप उचलवेना. मनःस्थिती: सामान्य. ते आधीच लिहिलेलं होतं.

१८ फेब्रुवारी
मनःस्थितीचा रकाना खोडावा का? नोंदींत खाडाखोड चालत नाही. तसाच ठेवला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
तक्ता दिला. निष्कर्षही टाइप करून नेला होता: संबंध नाही. डॉक्टरांचं बोट रकान्यावरून खाली खाली गेलं. विचारलं, येत्या शनिवारी तुम्ही सामान्य असणार, हे आजच कसं कळलं? मी म्हणाले, अनुभवाने. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.
मग १७ तारखेवर बोट. नऊ, आणि सामान्य? काय झालं होतं त्या दिवशी? मी म्हणाले, आठवत नाही. सगळं आठवत होतं. काकांनी सॉरी म्हणताना हातातलं पेन खिशाला लावायचा दोनदा प्रयत्न केला होता, तेसुद्धा.

२५ फेब्रुवारी
साहेबांना लिहिलं: काकांबद्दलची तक्रार मागे घेते, तीच चूक मीही केली आहे, बावीस नोंदींची. मग काकांची माफी मागितली. ते म्हणाले, बायको बरी आहे मॅडम. मी ते विचारलंच नव्हतं.
दुखणं ६. मनःस्थिती: लाज वाटते.
केंद्राला पाठवलेला मजकूर:
समुपदेशकांची वेळ हवी आहे. माझ्या तक्त्यातला दुसरा रकाना कोरा समजावा. उपचारवर्गात जागा शिल्लक आहे का, ते कृपया शुक्रवार, २७ फेब्रुवारीपर्यंत कळवावे.